हुबेहूब

लॅबमध्ये केक आला तेव्हा तिच्या हातात कुणाची तरी मेणाची दाढ होती. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा ती तापवलेल्या सुरीच्या टोकाने कोरत होती आणि सकाळपासून तिसऱ्यांदा तीच खाच नको तेवढी खोल गेली होती. मालक खोका दोन्ही हातांत धरून दारात उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी कुणासाठी केक आणल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "आपल्या लॅबमधून त्या कॉलेजात जाणारं हे पहिलं नाव," ते म्हणाले, जणू तिची लेक इथेच साच्यात ओतून, घासूनपुसून तयार झाली होती. कवळ्यांच्या टेबलावरचे, पॉलिशच्या यंत्रावरचे सगळे उठून आले. टाळ्या वाजल्या. तिनेही वाजवल्या, मग आपणच आपल्यासाठी काय टाळ्या वाजवायच्या असं वाटून हात खाली घेतले. केकवर पांढऱ्या क्रीमने कॉलेजचा घुमट काढलेला होता. तिने घुमटाला धक्का न लावता कडेकडेने कापायला सुरुवात केली. "अहो, मधोमध कापा की! केक आहे, दाढ नाही," मालक म्हणाले आणि सगळे हसले. हसण्यात तिचा आवाज थोडा उशिरा मिसळला. त्या दिवशी सकाळीच, पावाला लोणी लावता लावता लेक म्हणाली होती, "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवलंय. काल पत्र टाकलं."

घरात लेकीला सगळे खारू म्हणत. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून खारूताई, आणि मग नुसतीच खारू. आता अठरा वर्षांची झाली तरी सवय तीच, फक्त घासाऐवजी गोष्टी साठवायची. दिवसेंदिवस गालात ठेवायची आणि एके दिवशी अगदी सहज, लोणी लावताना, बाहेर काढायची. "मी धरणाजवळच्या कॉलेजात जाणार," ती म्हणाली. "तिथे पहिल्या वर्षापासून नदीवर नेतात. इथे पाण्याचा विषय तिसऱ्या वर्षाला. तोही नंबर लागला तर. आणि तिथे शिष्यवृत्ती आहे, राहायचं फुकट. इथल्या फीसाठी बाबा दहा वर्षं कर्ज फेडत बसणार." बाबा, म्हणजे खारूचा बाप, लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली नेण्याची सोय करणारा हा माणूस घरातल्या वादात मात्र कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकून राहायचा. तो म्हणाला, "विचार करून केलंय ना पोरी? मग झालं." आणि बायकोकडे न बघता डबा घेऊन निघून गेला. तिने विचारलं, "मला आधी सांगावंसं नाही वाटलं?" खारूने पाव खाली ठेवला. "सांगितलं होतं. दोनदा. तू ऐकताना दुसरीकडेच बघत होतीस."

ते खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही कॉलेजं बघायला त्या दोघी गेल्या होत्या. शहरातल्या मोठ्या कॉलेजात तीनशे मुलांना एका सभागृहात बसवून कुणीतरी माहिती सांगितली होती. खारूने हात वर करून, गाळ मोजायचं कधी शिकवता, असं विचारलं तेव्हा व्यासपीठावरचा माणूस छान हसून म्हणाला होता, "एवढी घाई?" आणि सभागृह हसलं होतं. आई मात्र तेव्हा छताकडे बघत होती. घुमटाच्या आतल्या बाजूला निळसर रंग होता आणि त्यातून उजेड असा खाली यायचा की बसलेल्या प्रत्येक पोराचा चेहरा महत्त्वाचा वाटावा. धरणाजवळचं कॉलेज चार तासांवर. तिथे छतं पत्र्याची होती. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेली एक शिक्षिका खारूशी तासभर उभ्याउभ्या बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिला एक काचेची नळी हातात धरायला दिली, ती परत घ्यायला विसरली. परतीच्या बसमध्ये खारूच्या हातात ती नळी होती. आई खिडकीबाहेर बघत होती आणि मनात निळा रंग होता.

केकचा तुकडा तिने कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी घरी जाताना तो बसथांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं, कारण मालकांनी मनापासून आणला होता. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. महिनाभर तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. दंतवैद्यांकडून साचे घेऊन येणाऱ्या पोऱ्याला, शेजारच्या बाईंना, चष्म्याच्या दुकानात. कॉलेजचं नाव उच्चारताना तोंडात काहीतरी गार, गुळगुळीत असल्यासारखं व्हायचं. समोरचा माणूस क्षणभर थांबायचा आणि तिच्याकडे नव्याने बघायचा. त्या नव्याने बघण्याची तिला चटक लागली होती, हे तिला बसमध्ये उभी असताना कळलं. पण कळून उपयोग काय? शुक्रवारी दुपारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, प्रवेशाचं पत्र पर्समध्ये घातलं आणि घरी न सांगता मोठ्या कॉलेजकडे जाणारी बस पकडली. खारूचं पत्र कदाचित अजून पोचलं नसेल. पोचलं असलं तर कुणी उघडलं नसेल.

पत्र पोचलं होतं. कचेरीतल्या कारकुनाला जबरदस्त सर्दी झाली होती आणि तो प्रत्येक वाक्याआधी रुमाल शोधत होता. "हे काय, ताई. कालच आलंय. मुलीने जागा सोडली." "ती लहान आहे हो," ती म्हणाली. "तिला कळत नाही." कारकून शिंकला. "सगळेच लहान असतात इथे. असं करा, उद्या चारपर्यंत नकार मागे घेता येतो. हा फॉर्म. तिची सही घेऊन या. हे तिचं पत्र, नंबर उतरवून घ्या ह्यावरचा आणि मला परत द्या." आणि तो रुमालात तोंड खुपसून दुसऱ्या माणसाकडे वळला.

व्हरांड्यात लाकडी बाक होतं. त्यावर बसून तिने पत्र वाचलं. तीनच ओळी होत्या. मला प्रवेश दिल्याबद्दल आभारी आहे. मी दुसरीकडे जात आहे, कारण तिथे मला सुरुवातीपासून नदीवर काम करता येईल. माझी जागा लवकर कुणाला तरी द्यावी, म्हणजे त्या व्यक्तीला वाट बघत बसावं लागणार नाही. खाली सही. पहिलं अक्षर मोठं, मधली दोन घाईत, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळलेली. शेपटी अशी का वळते ते तिला माहीत होतं. शाळेत असताना खारू पेन उचलायला विसरायची आणि रेघ तशीच पुढे जायची. तिने पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सही करून पाहिली. दुसऱ्याचं हुबेहूब करणं हाच तर तिचा धंदा होता. शेजारच्या दाताला एक सूक्ष्म तडा असेल तर नव्या दातात तोही काढायचा, पिवळेपणाची नेमकी छटा जुळवायची, म्हणजे त्या माणसाने आरशात बघितलं तरी कुठला आपला आणि कुठला बनवलेला हे त्यालाही कळू नये. पहिली सही जरा घट्ट आली. दुसरीत शेपटी जास्त झाली. तिसरी तिने श्वास सोडता सोडता केली आणि ती खारूची सही होती. पत्रावरची आणि तिकिटावरची शेजारी धरली तर तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने फॉर्म मांडीवर घेतला. फॉर्मवर छापलेलं होतं, मी माझा नकार मागे घेत आहे. नकार शब्दापाशी तिचं पेन थांबलं. ही गोष्ट नंतर घरी कशी सांगायची हा विचार तिने केलाच नव्हता असं नाही. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग एकदा त्या घुमटाखाली बसली की विसरेल. दहा वर्षांनी म्हणेल, आई, बरं झालं तू तेव्हा गेलीस. हे वाक्य तिने खारूच्या आवाजात मनात म्हणून पाहिलं, आणि आवाज जमला नाही. सही जमली होती, आवाज जमेना. इतक्यात कुणीतरी म्हणालं, "इथे बसू का?" आणि एक मुलगी, हातात पुस्तकं, उत्तराची वाट न बघता पण अगदी अदबीने, तिच्या शेजारी बसायला आली. बाकावर जागा करण्यासाठी तिने पर्स उचलली. आणि पर्स उचलताना तिच्या हाताला कळलं की हे आधी घडलेलं आहे, ह्याच व्हरांड्यात, फक्त तेव्हा जागा करणारी ती नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती अठरा वर्षांची होती आणि आबांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. आबा, तिचे वडील, किल्ल्या बनवायचे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण बोटांना लोखंडाचा वास तसाच होता, आणि तो वास ह्या व्हरांड्यात घरच्यापेक्षा जास्त येत होता. कचेरीत रांग होती म्हणून आबा रांगेत उभे राहिले आणि ती बाकाशी येऊन उभी राहिली. बाकावर एक मुलगी बसली होती, तिने चटकन आपली पिशवी उचलून जागा केली. "बस ना! तुला पण मिळालं? कुठल्या शाळेतली तू?" प्रश्नात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं तिने त्या मुलीचा चेहरा, आवाज, चपला सगळं उलटंसुलटं करून पाहिलं होतं, कुठेतरी एखादा टोमणा सापडावा म्हणून. सापडला नव्हता. मुलगी चांगली होती. तिच्या चांगुलपणातच असं काहीतरी होतं की ही जागा तिचीच आहे आणि ती आता त्यातली थोडी देते आहे. शाळेचं नाव सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "अच्छा," आणि पुढचं काही तिला सुचलं नाही. सभागृहाच्या दारातून उजेड येत होता. तिला वाटलं की आपण श्वाससुद्धा विचारून घ्यायला हवा.

आबा रांगेतून आले. हातात फीचा कागद होता. इथपर्यंत तिने ही गोष्ट अनेकदा सांगितलेली होती. नवऱ्याला, लॅबमध्ये, खारूला तर कितीतरी वेळा. आणि पुढे ती म्हणायची, आबांनी कागद बघितला, आणि संपलं. परवडणार नव्हतं, नाही पाठवलं त्यांनी. ही गोष्ट ती आबांच्या समोरही सांगायची, रागाने नव्हे, तशीच, आणि आबा मान हलवायचे. पण आता बाकावर बसून, मांडीवर फॉर्म, शेजारी एक अनोळखी मुलगी पुस्तक उघडून वाचते आहे, तेव्हा आबांचा आवाज तिला ऐकू आला. तो कायम तिथेच होता, ती फक्त त्याच्या अलीकडे थांबत आली होती. "जास्त आहे," आबा म्हणाले होते. "पण ते मी बघतो. तू फक्त सांग, यायचंय का तुला इथे?" आणि ती म्हणाली होती, "परवडणार नाही, आबा." "ते मी बघतो म्हटलं ना." "नको. परवडणार नाही." दोनदा. आबांनी तिच्याकडे बघितलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एक क्षणभर काहीतरी हललं होतं. ते सुटका झाल्यासारखं होतं. तेवढं तिने पकडलं होतं. सव्वीस वर्षं तेवढंच धरून ठेवलं होतं.

ती किती वेळ बसली तिला सांगता आलं नसतं. शेजारची मुलगी कधीतरी उठून गेली. त्या व्हरांड्यात तिने हाताने बाक चाचपून पाहिलं. लाकूड गार होतं, कडेला खूप जणांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं. तिला इथे यायचं होतं. खारूसाठी नव्हे. तिला स्वतःला, ह्या वयात, केस पांढरे व्हायला लागलेले असताना, हातांना मेणाचा वास येत असताना, अजूनही इथे यायचं होतं, तीनशे मुलांत मागच्या बाकावर, छताखाली. ही ओढ इतकी उघडी होती की तिला इकडेतिकडे बघावंसं वाटलं, कुणी पाहिलं तर नाही ना. खारूच्या नकारात आणि तिच्या नकारात एकच शब्द होता. पण खारूने चार तास प्रवास करून, नळी हातात धरून, कर्जाचा हिशेब बापाच्या वर्षांत मांडून नाही म्हटलं होतं. तिने स्वतः मात्र बाकाला घाबरून म्हटलं होतं, आणि पैशाचं नाव पुढे केलं होतं.

कारकुनाने पत्र आणि फॉर्म परत घेतला तेव्हा फॉर्मवर काही लिहिलेलं नव्हतं. "मुलगी नाही म्हणते?" त्याने विचारलं. "नाही म्हणते," ती म्हणाली. "मग ही जागा पुढच्याला देऊन टाका. लवकर द्या. तिने लिहिलंय तसं." कारकून म्हणाला, "देतो की, आजच फोन करतो," आणि पुन्हा शिंकला.

आबांचं दुकान वाटेत नव्हतं. तरी ती दोन बसेस बदलून गेली. संध्याकाळचा उजेड अजून होता. दुकान म्हणजे एक कपाट म्हणावं एवढंच. पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, आणि मधे स्टुलावर आबा. वय अठ्ठ्याहत्तर. दुकान बंद करा म्हटलं की म्हणायचे, बंद करून जाऊ कुठे? ते कानस चालवत होते. तिला बघून थांबले नाहीत, फक्त पायाने दुसरं स्टूल पुढे ढकललं.

"आज लवकर?"

"कॉलेजात गेले होते. मोठ्या."

"खारूचं काम होतं?"

"खारू तिथे जाणार नाही म्हणते. धरणाजवळ जाणार."

"मला बोलली ती," आबा म्हणाले. "मागच्या आठवड्यात आली होती. म्हणाली, आईला सांगायची भीती वाटते." कानस पुन्हा चालू झाली. लोखंडाचा बारीक भुगा त्यांच्या गुडघ्यावर पडत होता.

तिने ठरवलेलं वाक्य वेगळं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आबा, तुम्ही मला नाही म्हणाला नव्हतात. तुम्ही बघतो म्हणाला होतात."

कानस थांबली. आबांनी किल्ली उजेडाकडे धरून दात तपासले, जणू तेच महत्त्वाचं होतं.

"हो," ते म्हणाले.

"मग मी एवढी वर्षं सगळ्यांना सांगत होते, तुमच्या तोंडावर सांगत होते, तेव्हा तुम्ही एकदा तरी म्हणायचं ना, पोरी, असं नव्हतं."

आबांनी गुडघ्यावरचा भुगा झटकला. रस्त्यावरून सायकल गेली. मग ते म्हणाले, "तू नको म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी बघतो म्हणालो खरा, पण काय बघणार होतो? कुणाकडे जाणार होतो, मला ठाऊक नव्हतं. तू नको म्हणालीस आणि मला वाटलं, सुटलो. बापाला असं वाटू नये. वाटलं." त्यांनी किल्ली खाली ठेवली. "तेवढ्यासाठी तुझी ती गोष्ट ऐकून घेत राहिलो. जास्त नव्हतं ते."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट छातीत एक मोठी, रिकामी, हवेशीर जागा झाल्यासारखं वाटलं आणि त्या जागेत कुणाला दोष द्यायचा हे सापडेना. "मला घाबरल्यासारखं झालं होतं आबा," ती म्हणाली. "एका मुलीने बाकावर जागा केली म्हणून."

"जागा केली म्हणून?"

"हो."

आबांनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही ते तिला कळलं नाही, पण त्यांनी पुढे विचारलं, "आतून कसं आहे? मी त्या दिवशी रांगेतच होतो. बघितलंच नाही." आणि ती सांगायला लागली. छताचा रंग, उजेड कुठून येतो, बाकाच्या कडा. आबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते, एखाद्या गावाला जाऊन आलेल्या माणसाचं ऐकावं तसं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

महिन्याभराने ती आणि नवरा खारूला सोडायला गेले. चार तासांत नवऱ्याने रस्त्यावरच्या प्रत्येक उंच इमारतीची लिफ्ट कुठल्या कंपनीची असेल ते सांगितलं आणि मग झोपला. धरण लांबूनच दिसलं. पाणी राखाडी, मोठं, आणि आजूबाजूला फारसं काही नाही. वसतिगृहाची खोली लहान होती, दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. नवरा ट्रंक खाली ठेवून लगेच बाहेर पडला, कारण त्याला डोळे पुसायचे होते आणि ते त्याला तिथे पुसायचे नव्हते. ती चादर घालायला लागली. खारू दुसऱ्या बाजूचं टोक धरून उभी होती.

"मी गेले होते तिथे," ती चादर गादीखाली खोचत म्हणाली. "तुझी सही करून नकार मागे घेणार होते."

खारूने टोक सोडलं नाही. "जमली असती?"

"हुबेहूब. तिकिटावर करून पाहिली."

खारू आधी हसली. मग हसणं ओसरलं आणि ती आईकडे नीट बघत राहिली, जसं ती लहानपणी डबक्यात बघत राहायची, तळाशी काय आहे ते दिसेपर्यंत. "तू केली असतीस ना, तर मी तुला कधी," ती म्हणाली आणि वाक्य पुरं केलं नाही. "मग का नाही केलीस?"

ह्याचं उत्तर बसमध्ये चार तास ती जुळवत आली होती. तिने उशीला अभ्रा घातला. खारूने टोक खाली ठेवलं, वळसा घालून तिच्या बाजूला आली.

"आई. तुलाच जायचं होतं ना तिथे?"

"हो," ती म्हणाली. तिला वाटलं आता पुढे काहीतरी येईल, एखादं 'पण', परवडत नव्हतं, आबा, तो काळ. काहीच आलं नाही. नुसतं हो. खारूने तिच्या दंडाला हात लावला, आणि तो हात तिथे बराच वेळ राहिला, थोडा दमट, नखांत आधीच कुठलीतरी माती.

बाहेरून कुणीतरी हाक मारली. नवीन आलेल्या सगळ्यांना काठावर बोलावलं होतं, बूट मापून द्यायचे होते. "येते मी, दहा मिनिटांत," खारू म्हणाली. दारातून परत वळली. "तू थांब हां. जाऊ नको लगेच." आणि तिचे पाय व्हरांड्यातून धावत गेले, मग पायऱ्यांवर, मग मातीवर आवाज बदलला.

खोलीत ती एकटी राहिली. चादर नीट झाली होती, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिडकीतून पाण्याची एक पट्टी दिसत होती आणि काठाशी ठिपक्यांसारखी माणसं जमत होती, त्यातली खारू कुठली ते इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं. टेबल कोरं होतं. आधीच्या कुणी तरी त्यावर पेन्सिलीने दोन आकडे लिहून त्यांची बेरीज अर्धवट सोडली होती. तिने दाराकडे एकदा बघितलं. मग खुर्ची ओढली, आवाज होणार नाही अशी, आणि टेबलाशी बसली, पाठ सरळ, दोन्ही हात समोर.